बाटलीवर त्रिकोण नव्हता

आमच्या घरात जमीन वडिलांकडून आली आणि लाली आईकडून. जमिनीची वाटणी तलाठ्यासमोर बसून झाली, लालीची कुणी कुणाला न विचारता. थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्काला, दोन गाल मिळाले. मला अख्खं तोंड मिळालं, शिवाय दोन कान आणि गळ्यापर्यंतची मान. उन्हात जरा उभा राहिलो, झणझणीत रस्सा खाल्ला, कुणी चारचौघांत नाव घेऊन हाक मारली, की माझं तोंड पेटायचं. शेजारच्या बागेतला गडी बिडी शिलगवायला माझ्याकडे यायचा, काडेपेटी आणायचाच नाही. एकदा तासगावच्या चौकात रस्ता ओलांडताना एका ट्रकवाल्यानं मला बघून करकचून ब्रेक मारला, सिग्नल समजून. त्या वेळी तिथं सिग्नल नव्हता असं काही लोक म्हणतात. नसेल. ट्रक मात्र खरा होता.

लष्कराच्या भरतीला गेलो तेव्हा डॉक्टरनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि ताप आहे म्हणून घरी पाठवलं, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे छाती भरली नव्हती.

पण ह्या सगळ्या गमजा माझ्या तोंडाच्या. आईच्या तोंडाची गोष्ट वेगळी होती. तिची लाली दोन्ही गालांवर, पिकल्या बोराएवढी. ती हसायची तेव्हा आधी गाल लाल व्हायचे आणि मग हसू यायचं. मधे एक श्वास जायचा. आम्ही दोघं भावंडं तेवढ्यासाठी तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. चुलीपुढं बसून ती वडिलांचं काहीतरी ऐकत असायची, चेहरा सरळ, आणि गालावर रंग चढायला लागला की आक्का मला कोपरानं ढोसायची, "आलं बग. आलं." आणि हसू यायचंच. कधी चुकलं नाही.

आईचा फोटो एकच. कसल्याशा कार्डासाठी काढलेला, काळापांढरा, फोटोवाल्याला घाबरून डोळे मोठे केलेले. आई गेल्यावर आक्कानं तो सांगलीत नेऊन रंगवून आणला. रंगवणाऱ्यानं तिच्या गालांवर असा गुलाबी थापला की आई तमाशातली राणी दिसायला लागली. आक्कानं ती फ्रेम एक दिवस भिंतीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कपाटामागं सरकवली. "हिच्यात आई न्हाई," म्हणाली, बास.

पुढं आजारपणं आली, वय आलं, आक्काच्या गालांवरचा रंग उतरला. माझा राहिला. आणि तिच्या एकुलत्या एका लेकीकडे, माझ्या भाचीकडे, तो जसाच्या तसा उतरला. बोराएवढा, दोन्ही गालांवर, आणि हसण्याच्या आधी.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा आक्कानं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. आक्काला कराडजवळच्या उंब्रजला दिलेली; मी सांगलीकडचा, तासगावच्या अलीकडचा, द्राक्षं आणि बेदाणावाला. फोनवर म्हणाली, "आहेर काय आणायचा त्यो आण, न्हाईतर नको आणू. मामा म्हणून तिला बोहल्यावर आणशील, तवा मंडपाच्या भायेर दोन घटका उन्हात थांबायचं. तू आन ती, दोगंच. मला एक फोटू पायजे. आईचा रंग फोटूत धरून ठेवायचाय. पुरगी जाईल नवऱ्याच्या मागनं कुठंतरी लांब, तू बी आता म्हातारा व्हायला लागलास."

"आक्का, माझं तोंड फोटोत मावलं तर बघ," म्हणालो. ती हसली. मला वाटलं, एवढंच ना. उन्हात उभं राहणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सोपं काम. चाळीस वर्षं तेच करतोय.

मग साखरपुडा झाला.

साखरपुडा उंब्रजलाच, भर चैत्रात, आक्काच्या दारात मांडव टाकून. मी सकाळपासून आचाऱ्याच्या मागं, पाण्याच्या टाकीमागं, खुर्च्यांच्या टेम्पोमागं पळत होतो. पाहुणे आले तोवर माझं तोंड असं झालं होतं की त्याच्यावर भाकरी भाजून निघाली असती, पदर सुटलेली. नवरा मुलगा फौजेत, आणि त्याचे चुलते फौजेतूनच रिटायर झालेले, पिळदार मिशांचे, माझ्याशी रामराम करून खुर्चीवर टेकले आणि शेजारच्या माणसाला म्हणाले. हळू म्हणाले, पण फौजेतल्या माणसाचं हळू म्हणजे आपल्याकडचं लाउडस्पीकर.

"नवरीचा मामा सकाळच्यालाच बसलाय वाटतं, गड्या."

शेजारचा म्हणाला, "तोंड बगा की. पुरी क्वार्टर दिसतीया."

मी आयुष्यात उसाचा रस सोडून काही प्यालो असेन तर खोकल्याचं औषध. तेही बायकोनं मोजून दिलेलं. जत्रेत, वरातीत, बागेचे पैसे आल्यावर मित्रांनी ओढूनसुद्धा नाही. मी थापा मारतो, मान्य आहे, पण ही थाप नाही. आणि त्या दोघांचं बोलणं भाचीनं ऐकलं. ती ताट घेऊन मागंच उभी होती. तिचे गाल लाल झाले आणि ह्या वेळी मागून हसू आलं नाही.

ते मला लागलं. तिच्या सासरी तिच्या माहेरची पहिली ओळख म्हणजे दारुडा मामा! लग्नात माइकवरून पुकारणार, मामांनी मुलीला घेऊन यावं, आणि मी ते तोंड घेऊन सगळ्यांपुढं येणार, व्हिडिओ चालू, आणि प्रत्येक जण शेजारच्याच्या कानाला लागणार. मी घरी आलो तो ठरवूनच. लग्नापर्यंत तोंड उजळ करायचं. आक्काचा फोटो? फोटो तर निघेलच. मामा जरा बरा दिसला तर तिला काय वाईट वाटणार आहे. असा माझा हिशेब. तिनं काय मागितलं होतं ते मी नीट ऐकलंच नव्हतं.

आता रंगाचं म्हणाल तर रंग हा माझा धंदा आहे. द्राक्षाचा बेदाणा करायचा म्हणजे काय? मणी तेलाच्या आणि पोटॅशच्या पाण्यात बुडवायचे, शेडमध्ये जाळ्यांवर पसरायचे, वाळले की गंधकाची धुरी द्यायची. तपकिरी पडायला आलेला माल पिवळाधमक निघतो. धुरी कमी पडली तर डोस वाढवायचा. ज्या माणसानं चाळीस हंगाम मण्यांचे रंग बदलले, त्याला स्वतःच्या गालांचा रंग बदलता येणार नाही?

सुनेकडे एक छोटी काचेची बाटली होती, ड्रॉपरवाली. तिच्या तोंडावरचे पुटकुळ्यांचे डाग त्यानं गेले होते, हे मी बघितलं होतं. तिला विचारलं. तिला आनंद झाला, सासरा पहिल्यांदाच तिच्या विषयावर काहीतरी विचारत होता.

"आबा, हे नायसिनमाइडचं सीरम. चांगलं हाय. पण तुमची कातडी लय नाजूक, लगीच लाल हुती. तुमी आपलं पाच टक्क्याचंच घ्या. रातच्याला दोन थेंब, एक दिवसाआड. वरनं साधं क्रीम. आन आधी कानामागं लावून चार-पाच दिस बगायचं, खाजतंय का, जळतंय का."

"कानामागं कोण बघायला येतंय?"

"आवं, बघण्यासाठी न्हाई. सोसतंय का त्ये कळाय पायजे."

आता माझी लबाडी बघा. ती जे सांगत होती ते मला पाठ होतं. कुठलंही नवं औषध आलं की मी आख्ख्या बागेवर मारत नाही. आधी कोपऱ्यातल्या एका ओळीवर मारतो, पानं करपतात का बघतो, मगच फवारणीचा ब्लोअर बाहेर काढतो. शेजारच्या पोरांना मी हेच व्याख्यान देतो, लांबलचक, हातवारे करून. पण बाग ही बाग आणि तोंड हे तोंड. तोंडाला कुठं ओळी असतात?

सांगलीला गेलो. बाजारपेठेतल्या एका मोठ्या दुकानात शिरलो आणि बागायतदाराच्या सुरात विचारलं, "नायसिनमाइडमधलं सगळ्यात जहाल कुठलं?"

दुकानदारानं वीस टक्क्याची बाटली काढली. "हे हाय. पण काका, हे तेलकट कातडीवाले नेत्यात. तुमचं तोंड तर आदीच लाल दिसतंय."

"म्हणूनच तर," म्हणालो.

बाटली हातात घेतली, चष्मा चढवला आणि चारही बाजूंनी फिरवून बघितली. मी काय शोधत होतो ते द्राक्षवाल्यांना लगेच कळेल, बाकीच्यांसाठी सांगतो. शेतीच्या प्रत्येक औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल त्रिकोण म्हणजे अतिजहाल, हात लावायचा तो मोजा घालून. पिवळा त्याच्या खाली, मग निळा, आणि हिरवा म्हणजे सगळ्यात सौम्य. आमची पोरं अक्षरं शिकायच्या आधी हे त्रिकोण शिकतात. मी बाटली उलटी केली, सुलटी केली, खोकं फाडून आतून बघितलं.

"ह्याच्यावर त्रिकोण कुठाय?"

"कसला त्रिकोण?"

"हिरवासुदिक न्हाई?"

दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझी मात्र खात्री पटली. हिरवा त्रिकोणही नाही म्हणजे हे औषध हिरव्याच्याही खालचं. म्हणजे पाणीच. वीस टक्के पाणी. ह्याचा परिणाम व्हायचा तर सढळ हातानंच घ्यायला पाहिजे.

घरी येऊन गरम पाण्यानं दाढी केली, कडक, उलटा-सुलटा वस्तरा फिरवून, म्हणजे औषध मुरायला वाट. मग ड्रॉपर बाजूला ठेवला आणि तळहातावर ओतून घेतलं. फवारणीचा नियम असा की पानाच्या वरून मारायचं आणि खालूनही मारायचं. मी गाल, कपाळ, हनुवटीखाली, कानांच्या पाळ्यांच्या दोन्ही बाजू, नाकपुड्यांच्या कडा, डोळ्यांच्या खालच्या खळग्यापर्यंत, एकही जागा सोडली नाही. कानामागंसुद्धा लावलं. सुनेचा मान राखायचा म्हणून.

एक क्षण काही नाही. मग अशी आग झाली की मी अंगणात उडी मारली आणि लिंबाच्या फांदीला डोकं लावून आलो. फांदी उंच आहे.

पण आमच्याकडे जे झोंबतं तेच लागू पडतं. जखमेवरचं आयोडीन झोंबतं, डोळ्यातलं औषध झोंबतं, मास्तरची छडी झोंबायची. झोंबलं म्हणजे काम सुरू झालं. मी बेदाण्याच्या शेडमध्ये जाऊन मोठ्या पंख्यासमोर तोंड धरून उभा राहिलो, वाळवायला.

बायको शेडच्या दारात आली. "आवं, तोंड हाय का चार नंबरचा बेदाणा?"

"रंग येऊ दे. मग बघ."

दुसऱ्या दिवशी तोंड होतं त्याच्या दुप्पट लाल. सून म्हणाली, "आबा, थांबा आता. धुऊन टाका, काई लावू नगा." तिला मी बाटली दाखवलीच नव्हती, पाच टक्क्याचंच आहे असं तिला वाटत होतं. मी तिला समजावलं. मणी शेडमध्ये पसरल्यावर आधी तपकिरी पडतात, माणूस घाबरतो, पण धुरी दिली की उजळतात. ही मधली पायरी आहे. आणि मी सकाळचाही डोस सुरू केला.

मग गालांवर चट्टे उठले. नाकाच्या कडांना खपल्या धरल्या. पापण्या सुजल्या. गरम चहाच्या कपाची वाफ तोंडाला लागली की डोळ्यांत पाणी. त्या दिवसांत शेडमधला शेवटचा माल काढायचा होता, मी दिवसभर उन्हात, डोक्याला नुसता टॉवेल गुंडाळून. बाटली संपत आली तेव्हा आरशात बघितलं. पिवळाधमक बेदाणा निघायला पाहिजे होता, निघाली ती काळी मनुका, बियांची.

तेव्हा मी थांबलो. पण लग्न आलं होतं.

आदल्या दिवशी उंब्रजला पोचलो. सुनेनं आता बाटली बघितली होती, वाटेत गाडीत दर थोड्या वेळानं ओला रुमाल माझ्याकडे देत होती. तिचा बेत असा की तोंडाला काहीही लागू द्यायचं नाही, थंड पाणी आणि साधं क्रीम, सकाळपर्यंत थोडं तरी उतरेल. कदाचित उतरलंही असतं. पण संध्याकाळी नवऱ्याकडची उष्टी हळद आली. भाचीला लागली, आणि उरलेली घेऊन आक्काच्या जावा, नणंदा, शेजारणी मामाला शोधत निघाल्या. मामाला हळद न लावता सोडलं तर त्यांना रात्री झोप येत नाही.

"आवं नको, त्यांच्या तोंडाला औषध हाय!" सून आडवी झाली.

"हळदीपरास दुसरं औषध कुटलं गं?" आक्काची मोठी जाऊ म्हणाली आणि दोन्ही तळव्यांनी माझं तोंड लिंपून काढलं, भिंत लिंपतात तसं. हळद तेलात कालवलेली होती. मी ओरडलो, त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. माझं सगळं आयुष्य चेष्टेत गेलेलं, आता खरं ओरडलो तर कोण विश्वास ठेवणार? सगळ्या हसत होत्या. मीही हसून घेतलं, कारण दुसरं काय करायचं ते कळेना.

सकाळी उठलो ते डोळे उघडेनात. बोटांनी पापण्या वर करून बघितलं. तांबडं नाही, जांभळं नाही, करडं नाही, असा कसलातरी रंग, त्याच्यावर हळदीचे पिवळे डाग, आणि ह्या सगळ्यावर सुटलेली सालं. मी थंड पाण्यात पंचा भिजवला आणि तोंडाला गुंडाळला. फक्त डोळ्यांच्या फटी उघड्या.

आक्का नऊवारी नेसून, नथ घालून, हातात कुंकवाची वाटी घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"हे काय रं?"

"आक्का, वाटेत आग्या मोहोळ उठलं. कृष्णेच्या पुलावर. ड्रायव्हर पळाला, मी एकटा लढलो. राणीमाशीच होती, अशी, कबुतराएवढी..."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. मागं उभ्या असलेल्या सुनेकडे बघत होती. सुनेच्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक. आक्कानं पंच्याची कड बोटानं जराशी खाली केली, बघितलं, आणि परत वर केली. हळूच, लहान पोराच्या अंगावरचं पांघरूण नीट करावं तशी.

"आजचा दिस तरी हाय तसा ऱ्हायचं हुतंस," म्हणाली आणि गेली. तिला दारात पाहुणे होते.

दुपारी माइकवरून आवाज आला. "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं! मामा कुठं हायत? मामा!" हायवेवरून ट्रकचे हॉर्न चाललेले, बॅन्डवाले मधे मधे सुरू होत होते. मी पंचा आवळला आणि खोलीत शिरलो. भाची हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधलेली, मान खाली. मान वर केली, मला बघितलं. आणि तिच्या गालांवर रंग चढायला लागला. बोराएवढा, दोन्हीकडे. मला कोपरानं ढोसायला कुणी नव्हतं, पण मी मनात म्हणालो, आलं बघ. आलं. आणि हसू आलं.

"मामा, लगनाला आलाय का दरोडा टाकायला?"

"मुलीला पळवून न्यायला आलोय," मी पंच्यातून म्हणालो. "चल, मागच्या दारानं."

तिनं माझा हात धरला. मंडपाच्या बाहेर आलो तिथं आक्का उभी होती, शेजारी फोटोवाला. ठरल्याप्रमाणे. मंडपाचं कापड तिथं संपत होतं आणि पुढं उघडं ऊन. आक्कानं भाचीला उन्हात उभी केली, तिचा पदर सारखा केला. मला तिच्या शेजारी उभं केलं.

फोटोवाला म्हणाला, "मामा, त्ये तेवढं काढा की."

मी पंचा खाली केला. उन्हानं तोंडाला तवा लावल्यासारखं झालं, पण मी मान ताठ ठेवली. म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे, हिला फोटो मिळू दे. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि परत खाली घेतला. त्यानं आक्काकडे बघितलं.

आक्का माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडावर ती काहीतरी शोधत होती, गालांवर, नाकावर, कपाळावर, जसं हरवलेलं सामान माणूस पेटीत शोधतो, वरचं उचलून, खालचं उचलून. आईचा रंग त्यात कुठंच नव्हता. नुसती जळालेली कातडी होती.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "झाक, बाबा. ऊन लागतंय."

पंचा वर केला तेव्हा फोटो निघाला. माइकवर परत पुकारा झाला आणि आम्ही आत गेलो.

आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ते? जेवणाच्या पंगतीत नवऱ्याचे चुलते माझ्यासमोर आले, मिशीला पीळ देत. पंच्याकडे बघून म्हणाले, "काय वो पाव्हणं, कुठं पडला? गाडीवरनं, का नुस्तंच?"

सगळी पंगत हसली. मी म्हणालो, "आग्या मोहोळ." दुसरं काही सुचलं नाही. ती माझी आयुष्यातली सगळ्यात पडेल थाप. कुणालाही पटली नाही.

परतवणीला भाची माहेरी आली तेव्हा तिनंच हट्ट धरला आणि मला कराडला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई लहानखुऱ्या, शांत. मी सगळी कथा सांगितली, त्रिकोणासकट. त्यांनी हसू दाबलं.

"काका, औषध वाईट नाही," म्हणाल्या. "तुमच्या कातडीला एवढं तीव्र सोसण्यासारखं नव्हतं, आणि तुम्ही ते आंघोळीसारखं वापरलंत. आता महिनाभर काही नाही. साधं पाणी, साधं क्रीम, हे मलम, आणि ऊन बंद."

"लाली जाईल का कायमची?"

"तुमची मुळातली? ती कशाला जाईल. ती तुमचीच आहे. जास्त झालेली उतरेल."

मी उठणार तोच भाची पुढं सरकली. "मॅडम, मला बी असंच हुतं. गालावर. आता ह्यांच्याबरोबर काश्मीरकडं जायचंय, क्वार्टर मिळालंय. तिकडच्या थंडीत लय फुटल, लाल हुईल. मी काय करू?"

डॉक्टरीणबाईंनी तिचे गाल उजेडात धरून बघितले आणि तिला सांगितलं. जवळजवळ तेच, जे सुनेनं मला चैत्रात सांगितलं होतं. सौम्य टक्केवारीचं, दोन थेंब, एक दिवसाआड, आधी कानामागं लावून बघून. भाची एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होती, शाळेतल्यासारखी. मी शेजारी बसलो होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मान डोलावली.

मिरगाचा पाऊस पडला तोवर माझी सालं गेली, सूज गेली. श्रावणात तोंड पहिल्यासारखं झालं. पहिल्यासारखं म्हणजे लालभडक. मी आरशासमोर उभा राहून त्याच्याकडे असा बघत होतो की बायकोनं विचारलं, "कुणाशी लगीन ठरलंय का?" मी आक्काला फोन केला. "रंग परत आला. दिवाळीला पोरगी येईल ना? मग काढू फोटो. तुझ्या दारात. भर उन्हात." आक्का म्हणाली, "व्हय. काढू." तिच्या आवाजात मला खूप दिवसांनी हसू ऐकू आलं.

दिवाळीपर्यंत मी तोंडाला जपलं ते द्राक्षाच्या घडासारखं. दाढी हलक्या हातानं. ऊन बेतानं. साबण सुनेला विचारून. भाऊबीजेला उंब्रजला पोचलो तो असा झळकत की वाटेत टोलनाक्यावर गाड्या थांबल्या. त्या एरवीही थांबतात, ते जाऊ द्या.

भाची बाहेर आली. छान दिसत होती, थापा नाहीत. चेहरा मऊ, सारखा, स्वच्छ, गव्हाच्या नव्या पिठासारखा. तिनं सांगितल्याप्रमाणे सगळं केलं होतं. एक दिवस चुकवला नव्हता, एक थेंब जास्त घेतला नव्हता. काश्मीरच्या थंडीत बाकीच्या बायकांची तोंडं फुटली, हिचं नाही. शेजारच्या क्वार्टरवाल्या हिला विचारायला येत होत्या. सासूनं फोनवर कौतुक केलं होतं, चुलतसासऱ्यांनीसुद्धा.

"मामा, आज पंचा न्हाई?" म्हणाली आणि हसली.

हसू आलं. त्याच्या आधी काही आलं नाही. मी वाट बघत राहिलो, येईल, मागून येईल, म्हणून. मधला तो श्वासच नव्हता. आक्का दारात दिव्याचं ताट घेऊन उभी होती. तिनं ते माझ्या आधी बघितलं असणार, दोन दिवस पोरगी घरीच होती. माझ्याकडे बघितलं नाही. लेकीला म्हणाली, "गं, फोटू काढायचा हाय न्हवं? चला अंगणात."

आम्ही अंगणात उभे राहिलो, दोघं, भर उन्हात. जावयानं मोबाइलवर काढला. आक्कानं मोबाइल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. "छान आलंय," म्हणाली. "लय छान दिसतीस." पोरीनं आईच्या गळ्यात हात टाकला. तिला काही कळलं नव्हतं आणि कळावं असं मला वाटत नव्हतं. तिचं तोंड तिचं आहे. कुणाच्या तरी आईची आठवण ठेवायला तिनं ते तापवत ठेवावं, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि तेही मी?

पण ते दोन रंग एकाच उन्हात शेजारी उभे राहिले असते असा एक दिवस होता. लग्नाचा. हिरवा शालू होता, मुंडावळ्या होत्या, फोटोवाला होता, आक्का पुढं उभी होती. आणि मी पंचा बांधून गेलो.

तो फोटो आक्कानं फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावलाय. नवरी गालांत लाल, हसण्याच्या अलीकडची, आणि शेजारी एक दरोडेखोर. येणारा प्रत्येक जण विचारतो, हा कोण? मी असलो तर एक नवी गोष्ट सांगतो. मोहोळाची झाली, चंबळची झाली, वणव्याची झाली. आक्का तोवर चहा टाकते.

त्या भाऊबीजेला भाची आणि जावई आत गेल्यावर मीही चप्पल काढायला वाकलो, तर आक्का म्हणाली, "तू थांब. जरा हितंच उभा ऱ्हा. तोंड उन्हाकडं कर."

मी तोंड उन्हाकडं केलं. ती मोबाइलशी झटत होती, कुठलं बटण दाबायचं ते तिला सापडत नव्हतं. मी तोवर तिला ट्रकवाल्याची गोष्ट सांगायला लागलो, तासगावच्या चौकातली, तिनं शंभरदा ऐकलेली. ह्या वेळी ट्रकच्या मागं मिलिटरीच्या गाड्यांची अख्खी रांग थांबवली.

"तोंड मीट की रं जरा," म्हणाली.

मी मिटलं नाही. गोष्ट अर्धी झाली होती. फोटोत माझं तोंड उघडं आहे, एका कोपऱ्यात आक्काचा अंगठा आलाय, आणि गाल उन्हानं जेवढे व्हायचे तेवढे लाल. एकट्याचे.